ठिगळ वाळेपर्यंत

मल्लेश्वरमच्या बाजारात पदपथावर सुपांच्या चळती लागल्या की समजायचं, गौरी आली. हळद फासलेली पिवळीधमक सुपं, शेजारी काळ्या मण्यांचे सर, हिरव्या बांगड्या, छोटे आरसे, लाकडी फण्या, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात पाय दुमडून बसलेली एखादी बाई. तिच्याकडे नुसतं बघितलं तरी ती विचारते, "मोर बेका अम्मा?" मोर हवा का, अशी तिची चौकशी असते. कन्नडमध्ये सुपाला मोर म्हणतात. माझा अर्धाअधिक जन्म इथे गेला, हे मला आता पक्कं ठाऊक आहे, तरी तो प्रश्न कानावर पडला की क्षणभर डोळ्यांपुढे पिसारा उभा राहतोच. मग मी एकटीच हसते. बाईला वाटतं गिऱ्हाईक खुशीत आहे, आणि ती भाव वाढवून सांगते.

परवा अशीच सुपांची जोडी घेऊन हेब्बाळला घरी आले. गौरीचा पाट काढायला स्टुलावर चढून माळ्याचं दार उघडलं, आणि वास आला. रबराचा, साचलेल्या पाण्याचा, आणि त्याच्या आडून कुठूनतरी पंक्चरच्या सोल्युशनचा. कोपऱ्यात म्हैस घडी होऊन पडली होती. मी तिच्या अंगावरून हात फिरवला, तर बोटांना ते गोल ठिगळ लागलं. खालून अक्का विचारत होत्या, "मिळाला का ग पाट?" मी म्हटलं, "मिळतोय, स्वल्प थांबा." आणि तशीच स्टुलावर उभी राहिले.

म्हैस म्हणजे आमची रबरी होडी. श्रीनिवासचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, लाडकं खूळ. इंदिरानगरातल्या त्याच्या ऑफिसचे लोक एकदा कावेरीवर राफ्टिंगला गेले, आणि हा माणूस येताना तिथल्या कुणाकडून तरी एक जुनी, जाडजूड, काळी राफ्ट विकत घेऊन आला. "आता दर सुट्टीला नदीवर," म्हणाला. मी म्हटलं, "आधी दर सुट्टीला माळा आवर." नदीवर ती एकदाही गेली नाही. माळ्यावर अर्धवट हवा भरलेली, काळीकुट्ट, सुस्त पडून असायची, म्हणून मी तिला म्हैस म्हणायला लागले. अक्कांना ते नाव इतकं आवडलं की त्या आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या घरी म्हैस आहे, माळ्यावर." पाहुणे बिचारे गप्प बसून कॉफी प्यायचे.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळे त्यांना अक्काच म्हणतात, मग मीही. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी तलवारी घेऊन इकडे आलं. तलवारी कधीच गेल्या, मराठी राहिली, पण ती कन्नडच्या शेजारात वाढलेली, तिच्याच वाटीने साखर उसनी आणणारी. मी पुण्याची. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात अक्का फोनवर कुणाला तरी म्हणत होत्या, "सरी, सरी... सरी." मी धावत गच्चीवर गेले आणि वाळत घातलेले सगळे कपडे गोळा करून खाली आणले. वर बघते तर लख्ख ऊन. सरी म्हणजे बरं, ठीक आहे, एवढंच. त्या दिवशी ओले कपडे हातात घेऊन मी जिन्यात उभी होते आणि अक्का हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या.

मोराची गोष्ट तर घरात आजही सांगितली जाते. पहिली गौर. आमच्या पुण्यात आधी गणपती येतो आणि मागून गौरी. इथे गौर एक दिवस आधी हजर. हेच मला धड पचलं नव्हतं, त्यात अक्का म्हणाल्या, "उद्या अण्णा मोर घेऊन येईल. जागा करून ठेव हं." मी श्रीनिवासला विचारलं, मोर घरात ठेवायचा तरी कुठे? हा लबाड म्हणाला, "न्हाणीघरात." मी न्हाणीघर घासलं, बादल्या बाहेर काढल्या आणि कोपऱ्यात वाटीभर ज्वारी ठेवली. दुसऱ्या दिवशी अण्णा आले. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध, आणि दोन्ही हातांत सुपावर सूप झाकलेलं बागिन, म्हणजे गौरीचं वाण. मी त्यांच्या मागे रिक्षात वाकून बघितलं. कळल्यावर घर नुसतं खदखदून हसलं. एकटे अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "चुकलं माझं, पोरी. पुढच्या वर्षी आणतो." आणि पुढच्या वर्षी बागिनाच्या सुपात, खण-नारळाच्या मध्ये, एक मोरपीस खोचलेलं होतं. तेव्हापासून दर गौरीला ते असायचंच.

हे अण्णा अक्कांचे थोरले भाऊ. आमच्या सासरी गौरीला भावाने बहिणीच्या घरी बागिन घेऊन यायचं. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवलेलं चालतं, असं लोक म्हणतात. अण्णांना ते कधी चाललं नाही. मल्लेश्वरमहून बसने, सायकलने, रिक्षाने, एकदा तर पाय प्लास्टरमध्ये असताना काठी टेकत ते आले. मामंजी गेले त्या वर्षी नात्यातल्या बायका दबक्या आवाजात बोलायला लागल्या, आता कसलं बागिन, सवाष्णीचं लेणं ते. अण्णा भर उन्हात रिक्षातून उतरले, ती कुजबुज ऐकून दारातच थांबले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बागिन माझ्या बहिणीला आहे, तिच्या मंगळसूत्राला नाही. मेहुणा गेला, भाऊ आहे अजून." मग आत येऊन त्यांनी हिरव्या बांगड्यांसकट सूप अक्कांच्या पदरात ठेवलं. अक्का त्या दिवसांत कुणाशी बोलत नव्हत्या, जेवत नव्हत्या. त्या दिवशी जेवल्या. त्या क्षणापासून मी अण्णांची झाले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

तर गेल्या वर्षीचा भाद्रपद. आमचं घर तळ्याच्या खालच्या अंगाला. मामंजींनी ही जागा घेतली तेव्हा अण्णा म्हणाले होते म्हणे, "अरे, तळ्यात घर बांधतोस, मासे भाडं देणार का?" इतकी वर्षं तो विनोदच होता. गेल्या वर्षी तळं चालत आमच्या घरी आलं. पाऊस पडून थांबला, आकाश धुऊन निघालं, ऊन पडलं, आणि पाणी मात्र गल्लीतून हलायला तयार नाही. कमरेएवढं, संथ, चहाच्या रंगाचं पाणी. आम्ही खालचं सामान वर हलवलं आणि पहिल्या मजल्यावर राहायला लागलो.

त्रास पुष्कळ होता, नव्हता असं कोण म्हणेल? वीज नाही, नळाला पाणी नाही आणि दारात मात्र पाणीच पाणी. पण आता आठवतं ते वेगळंच. गल्लीत एकही गाडी नाही, म्हणून ऐकू येणारी ती शांतता. दुपारी पाण्यावरून उलटून छतावर आलेला उजेड, आणि तो छतावर हलत असताना त्याच्याखाली आडवं पडून राहणं. समोरच्या गुलमोहराचा शेंडा एकदा वर आणि एकदा खाली पाण्यात. आणि ती बदकं! एरवी तळ्यावर दुर्बीण लावून बघायची ती हळदी-कुंकू बदकं, चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके, आमच्या फाटकावरून सरळ आत यायची, तुळशीला वळसा घालायची आणि मागच्या बाजूने निघून जायची. अक्का खिडकीत बसून म्हणायच्या, "बघ, गौरीच्या आधी सवाष्णी येऊन गेल्या." वेळ कुठे जायचा कळत नव्हतं. घर होडी झाल्यासारखं वाटायचं, आणि आम्ही कुठेही निघालो नव्हतो.

गौरीच्या दिवशी सकाळी सुमनचा फोन आला. सुमन म्हणजे अण्णांची सून. "वहिनी, काय करू सांगा. पहाटेपासून शर्ट घालून बसलेत. मोर स्वतः भरला, पीससुद्धा शोधून काढलं. पाणी आहे, रस्ता नाही म्हटलं, तर एकच धोशा, पुट्टी वाट बघत असेल." पुट्टी म्हणजे लहानगी. पंचाहत्तरी उलटलेल्या अक्कांना असं म्हणणारा माणूस जगात एकच उरला होता.

इथे एक सांगायला हवं. अण्णांची आठवण त्या वर्षी फार झपाट्याने गळत चालली होती. जेवण झालं की नाही ते आठवायचं नाही. सुमनला कधी आई म्हणायचे, कधी "बाई, तुम्ही कुठल्या?" असं विचारायचे. मला तर त्यांनी उन्हाळ्यात ओळखलंच नव्हतं.

श्रीनिवास म्हणाला, "अक्का, ट्रॅक्टर येतात ते लोकांना बाहेर काढायला. आत कोण आणणार? त्यापेक्षा तुलाच काठापर्यंत नेतो. तिथे घे बागिन." अक्का खिडकीतून वळल्या. त्यांचा आवाज एरवी कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "मी गेले तर तो आला असं कसं होईल? सगळं विसरला रे तो. बायकोचं नाव विसरला, स्वतःच्या दाराचा रंग विसरला. पण गौर आली की मोर भरायचा आणि पुट्टीकडे जायचं, एवढी एक वाट त्याच्या पायांना येते. आज अर्ध्यातून परत फिरवला, तर ती पण बुजेल. पुढच्या वर्षी तो निघणारच नाही." मग म्हणाल्या, "मला सूप नको. मला तो आलेला हवा."

श्रीनिवास उठला आणि त्याने माळ्यावरून म्हैस खाली ओढली.

पायपंपाने हवा भरता भरता त्याची दमछाक झाली, पण म्हैस हळूहळू अंग फुगवत उठून बसली. तिला जिन्यातून पाण्यात लोटलं तेव्हा आम्ही तिघंही लहान मुलांसारखे ओरडलो. श्रीनिवास कमरेएवढ्या पाण्यात तिचा दोर धरून असा ऐटीत निघाला, जणू इतकी वर्षं याच दिवसासाठी ती सांभाळली होती. आमच्या फाटकावर लोखंडी भाले आहेत, मामंजींच्या हौसेचे. गाळात रुतलेलं फाटक अर्धंच उघडत होतं, आणि भाल्यांची टोकं त्या दिवशी पाण्याच्या जेमतेम वर होती. मी ओरडले, "अरे, फाटक!" तोवर चर्र असा आवाज आला. नंतर बराच वेळ नुसती फुस्स. म्हैस एका अंगावर कलंडली. बदकं उडाली. श्रीनिवास तसाच उभा, हातात दोर, चेहरा रडवेला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला तो त्या भाल्यांचा.

तिला ओढून परत वर आणलं. कुशीत वीतभर फाटली होती. राफ्टबरोबर मिळालेल्या डबीतली सोल्युशनची नळी वाळून खडा झालेली. श्रीनिवास कपाळाला हात लावून बसला. मी म्हटलं, "ऊठ, तुझ्या स्कूटरची जुनी ट्यूब आण. आणि सायकलच्या पिशवीतलं पंक्चरचं सामान." मी सायकलींच्या गावची. कॉलेजात असताना माझी पंक्चर मीच काढायची, कारण वडिलांचा दंडकच तसा होता. ते शेजारी उभे राहून सूचना करायचे, हात लावायचे नाहीत. त्यांची एक सूचना मला फार विचित्र वाटायची. सोल्युशन लावल्यावर बोट टेकवून बघ, म्हणायचे, बोटाला चिकटतंय तोवर चिकटवायचं नाही. चिकटेनासं झालं की मगच चिकटतं.

मग सुरू झाली ती दुपार. फाटलेल्या बाजूचा हवेचा कप्पा रिकामा करून म्हैस जिन्याच्या मधल्या चौकात पसरली. आधी फडक्याने चिखल पुसला, मग स्पिरिटने. पॉलिश-पेपरने फाटलेल्या जागेच्या भोवती घासून घासून तिची चकाकी घालवली. गुळगुळीत रबरावर काही धरत नाही, ते आधी खरवडावं लागतं. ट्यूबचा तुकडा कापला तो गोल. कोपरा ठेवला की तिथून उचकटतं. फाटलेल्या कडा एकमेकींजवळ आणून त्यावर आणि ठिगळावर, दोन्हीकडे बोटाने पातळ सोल्युशन फिरवलं. तो वास सगळ्या घरात भरला. मला एकदम पुण्यातलं आमचं अंगण आठवलं, उलटी ठेवलेली सायकल आणि घमेल्यातल्या पाण्यातून ट्यूब फिरवताना वर येणारे बुडबुडे. वडील जाऊन किती काळ लोटला, आणि त्यांचा वास मला पंक्चरच्या नळीत सापडला.

"झालं?" श्रीनिवास म्हणाला.

"नाही. वाळू दे. मग दुसरा हात. मग परत वाळू दे."

अक्का गेल्या वर्षीचं सूप घेऊन आल्या. जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि त्या सुपाने ठिगळाला वारा घालायला लागल्या. सावकाश, एका लयीत, धान्य पाखडल्यासारख्या. खाली पाणी पायऱ्यांना हलकेच लागत होतं. भिंतीवर उजेड हलत होता. सुपाचा वारा, पाण्याचा आवाज, सोल्युशनचा वास, आणि मधूनमधून मी बोट टेकवून बघतेय. अजून चिकटतंय. "स्वल्प थांब," अक्का म्हणायच्या. मला, श्रीनिवासला, की स्वतःलाच, कोण जाणे.

स्वल्प म्हणजे इथे थोडंसं. रिक्षावाला म्हणतो, भाजीवाली म्हणते, डॉक्टरसुद्धा सुई टोचण्याआधी म्हणतो. आमच्या पुण्याच्या मराठीत हा शब्द कुठे गेला, याचा विचार करत मी तिथे बसले होते. तो उरलाय फक्त स्वल्पविरामात. वाक्य संपलेलं नाही, पुढे काहीतरी यायचंय, एवढंच सांगणारं ते इवलंसं शेपूट. आम्ही तिघं त्या दुपारी अशाच एका शेपटाला धरून बसलो होतो.

फोन वाजला. सुमन त्यांना टॅक्सीने घेऊन आली होती. मोठ्या रस्त्यावर, जिथे पाणी सुरू होतं, तिथल्या कॉफीच्या दुकानाबाहेर खुर्ची मागून अण्णांना बसवलं होतं. "मोर मांडीवर घेऊन बसलेत," ती म्हणाली. "कुणी हात लावलेला चालत नाही. पण वहिनी, आता म्हणतात, आपण इथे कशाला आलोय?" मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. सूप जरा जोरात हलायला लागलं.

"दे फोन," त्या म्हणाल्या. फोन कानाला लावला आणि अगदी वेगळ्या, बारीक आवाजात बोलल्या, "अण्णा, मी पुट्टी. गौरी आहे ना आज. तू निघालास ना?" पलीकडचं आम्हाला ऐकू आलं नाही. मग त्यांचा चेहरा सैलावला. "हो, हो. स्वल्प थांब. पाणी आहे. होडी पाठवते." फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "लवकर कर ग. तो धरून बसलाय, पण सुटतंय त्याच्या हातून."

मला त्या वेळी किती वाटलं, लावून टाकावं आणि निघावं. बोट टेकवलं. चिकटत होतं. परत टेकवलं. अजूनही. कुणाच्या आयुष्यातलं काय काय त्या एका बोटाच्या टोकावर येऊन थांबलं होतं. शेवटी एकदाचं बोट कोरडं सुटलं, आणि मी ठिगळ बसवलं. मधोमध दाबलं, मग कडांकडे. स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि पोळी लाटावी तसं ते लाटलं. त्यावर वरवंटा ठेवला. त्या वरवंट्याखाली जितका वेळ द्यायला हवा होता तितका नव्हता, हे मला कळत होतं. अक्कांनाही कळत असावं. त्यांनी वरवंटा उचलला, ठिगळाला हळद लावली, कुंकू लावलं, वर दोन अक्षता टाकल्या आणि म्हणाल्या, "जा बाई, माझ्या भावाला घेऊन ये." म्हशीला म्हणाल्या, आम्हाला नाही.

या खेपेला फाटकाच्या भाल्यांवर गोधड्या बांधल्या. श्रीनिवास पुढे दोर धरून, मी बाजूला चालत. ऊन उतरायला लागलं होतं. आमचीच गल्ली, पण पाण्यातून चालताना ती ओळखीची वाटत नव्हती. कुंपणं बुडालेली, नावांच्या पाट्या पाण्यालगत, आणि आकाश खाली आलेलं. वरच्या मजल्यांवरून लोक बघत होते. कुणी विचारलं, "बाहेर चाललात?" श्रीनिवास म्हणाला, "नाही, मामाला आणायला."

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. पांढरा शर्ट, गंध, मांडीवर सुपांची जोडी, आणि त्यांच्यामधून बाहेर डोकावणारं मोरपीस. मला बघून ओळख पटल्याचं काही दिसलं नाही. पण पाण्याकडे बघून ते म्हणाले, "तळं छान भरलंय यंदा." आम्ही दोघांनी उचलून त्यांना म्हशीवर बसवलं. सुमन काठावर तोंडावर पदर धरून उभी राहिली.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्या बाजूने चालत होते आणि माझा तळवा ठिगळावर होता. थोडं पुढे आल्यावर मला ते जाणवलं. ठिगळाच्या कडेने एक बारीकसा बुडबुडा. मग दुसरा. मी श्रीनिवासला काही बोलले नाही. नुसता तळवा घट्ट दाबून धरला आणि चालत राहिले. हळद-कुंकू पाण्याने भिजून माझ्या हाताला लागलं. अण्णा मजेत होते. एक हात सुपांवर, दुसरा पाण्यात सोडलेला. बदकं बाजूने चालली होती. "पुट्टीला सांगू नका हं," ते मला म्हणाले, "मी पोहायला आलोय म्हणून. ती घरी सांगेल."

फाटकातून आत वळलो तेव्हा अक्का जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर उभ्या होत्या. नवी साडी, हातात दिवा. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. बघतच राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी सूप उचललं आणि म्हणाले, "पुट्टी, उशीर झाला का ग?"

"नाही अण्णा," अक्का म्हणाल्या, "वेळेवर आलास." आणि पदर पसरला.

मी पाण्यातच उभी राहून रडले. श्रीनिवासही रडत होता, पण तो म्हणतो की नाही.

म्हैस संध्याकाळपर्यंत पुन्हा मऊ पडली. तिच्यावरून अण्णांना परत न्यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून ते आमच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी मी ते ठिगळ काढून नवं लावलं, पुरतं वाळू देऊन, आणि त्याच म्हशीवरून गणपतीही आला. विसर्जनाच्या वाटेने आगमन, असं श्रीनिवास म्हणाला. ते दिवस मला स्वप्नातल्यासारखे आठवतात. दोन म्हातारी भावंडं खिडकीत बसून पाण्याकडे बघत असायची. अण्णा कधी लहान होते, कधी नुकते नोकरीला लागले होते. अक्का ते जिथे असतील तिथे जायच्या. मधूनच त्यांना घराची आठवण यायची आणि ते उठायला बघायचे. "पाणी उतरलं का?" ते विचारायचे. "अजून नाही," अक्का म्हणायच्या, "स्वल्प थांब." मग ते म्हणायचे, "सरी," आणि परत टेकून बसायचे.

पाणी एके दिवशी उतरलं. गल्लीत चिखल राहिला, तोही वाळून त्याला भेगा पडल्या. लोक पाइप लावून अंगणं धुवायला लागले, गाड्या सुरू झाल्या. अण्णांनी विचारलं, "पाणी उतरलं का?" मी तोंड उघडलं होतं. अक्कांनी माझ्याकडे न बघता खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि म्हणाल्या, "अजून नाही, अण्णा."

हे सगळं परवा त्या स्टुलावर उभं असताना माझ्या हाताशी होतं. म्हशीची हवा पार गेलीये, रबराला बारीक चिरा पडायला लागल्यात. ठिगळ आहे तसं आहे. पाट घेऊन मी खाली उतरले. अक्का सुपं भरायला बसल्या होत्या. खण, नारळ, डाळ-तांदूळ, गूळ, फणी, आरसा. दोन दिवस सुमनचा फोन येईल म्हणून त्या वाट बघत होत्या. आला नव्हता. म्हणजे आला, पण वेगळा. अण्णांनी यंदा काही विचारलं नव्हतं. शर्ट मागितला नव्हता. हल्ली बहुतेक वेळ ते डोळे मिटूनच असतात.

"बुजली वाट," अक्का म्हणाल्या. नंतर सूप झाकून म्हणाल्या, "सरी. त्याची बुजली, माझी आहे."

आज गौर. आम्ही रिक्षाने मल्लेश्वरमला गेलो. रस्ता कोरडा ठणठणीत, झेंडू आणि केवड्याच्या ढिगांमधून वाट काढत. अक्कांनी सूप सगळ्या रस्त्यात मांडीवर धरलं होतं, मला हात लावू दिला नाही. अण्णांच्या खोलीत पडदा अर्धा ओढलेला होता. ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. अक्का जवळ जाऊन म्हणाल्या, "अण्णा, मी पुट्टी." त्यांनी मान वळवली. डोळ्यांत काही नव्हतं. अक्कांकडे त्यांनी बघितलं ते एखाद्या खुर्चीकडे बघावं तसं. मग नजर खाली सुपावर आली. सुपातून मोरपीस डोकावत होतं, मीच सकाळी खोचलेलं. बराच वेळ ते त्या पिसाकडे बघत राहिले.

"पाणी उतरलं का?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी एका हाताने उरलेला पडदा ओढून घेतला.

"अजून नाही, अण्णा. स्वल्प थांब."

"सरी," ते म्हणाले, आणि भिंतीकडे सरकून त्यांनी तिला बसायला जागा करून दिली.